तिसऱ्या डब्याचं मत

वाफेचा व्हॉल्व्ह उघडत होता, बंद होत होता, पुन्हा उघडत होता. साकोलीजवळच्या त्या राइस मिलमध्ये मी पोचले तेव्हा मालक हेमराजभाऊ ड्रायरसमोर खुर्ची टाकून हा तमाशा बघत बसले होते.

"मॅडम, तुमचे तिन्ही डबे कालवरी शहाणे होते. आज भांडून काहून राहिले?"

ड्रायर म्हणजे उकडलेलं धान वाफेनं तापवलेल्या हवेवर वाळवणारा उंच मनोरा. हवा जास्त तापली की तांदूळ तुटतो. धान ओलं राहिलं की वास मारतं. म्हणून आमच्या कंपनीनं तीन कंट्रोलर बसवले होते. भाऊंच्या भाषेत डबे. प्रत्येकाचा थर्मामीटर वेगळा. प्रत्येक जण आपलं मत, 'गरम' किंवा 'ठीक', बाकी दोघांना कळवतो आणि बहुमतानुसार व्हॉल्व्हला ऑर्डर देतो. एखादा बंद पडला तरी दोघे काम चालवतात. कागदावर झकास.

मी आधी ऑटो बंद केलं. ऑपरेटर मिताराम व्हॉल्व्हच्या चाकाशी उभा राहिला. मग लॅपटॉप जोडला.

हवा नेमकी मर्यादेवर होती. पहिला डबा म्हणत होता 'गरम', दुसरा 'ठीक'. थर्मामीटर उन्नीस-बीस असतातच. अशा वेळी तिसऱ्याच्या मतावर सगळं ठरतं. आणि तिसरा त्याच क्षणी पहिल्याला 'गरम' कळवत होता, दुसऱ्याला 'ठीक'. दोघांनाही वाटे, बहुमत आपलंच. एक डबा व्हॉल्व्ह बंद करी, दुसरा उघडी.

नागपूरच्या ऑफिसात माझ्या सरांना फोन करून मी चौथा डबा मागितला. सर म्हणाले, डबा बंद पडतो, खोटं बोलत नाही. तिसरा बदल आणि निघ. बदलता आला असता. पण वाफेच्या ओलीनं आज याचं सर्किट कार्ड बिघडलं, उद्या दुसऱ्याचं बिघडणार होतं.

तेवढ्यात नवीनच वाद निघाला. मनोऱ्यात धान भरलेलं होतं. सर म्हणाले, वाळवणं चालू ठेवा. भाऊ म्हणाले, आधीच लय तापलं, बंद करा. दोघांनी मला वेगवेगळं विचारलं. मी फोनवर सरांना म्हटलं, "चालूच ठेवावं." मग भाऊंकडे जाऊन म्हटलं, "बरोबर आहे भाऊ, बंदच करा."

थोड्या वेळानं मितारामनं मला हाक मारली. एक हात चाकावर, दुसऱ्या हातात फोन, फोनवर सर, शेजारी भाऊ.

"मॅडम, दोघंही म्हणून राहिले का मॅडम माह्याच बाजूनं हाये. मी कोनाचं आयकू?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"तू मला काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"चालू ठेवा. आणि भाऊंना सांगितलं, बंद करा. सर, तिसरा डबा हेच करतोय."

"चौथा डबा पाठवतो," सर म्हणाले. भाऊ मात्र हसले. "म्हंजे खराब डबा तुमीच."

मग मीटरनं धानाची ओल मोजली. अजून होती. मितारामनं मंद वाफेवर ड्रायर चालवला आणि धान वाचलं.

चौथा डबा आला. आता प्रत्येक जण आपलं मत तर देतोच, शिवाय दुसऱ्यानं आपल्याला काय सांगितलं तेही बाकीच्यांना कळवतो. चौघांत एक दुतोंडी निघाला तरी उरलेल्या तिघांचा निर्णय एकच राहतो. तिघांत दुतोंडी असेल तर ही खात्री कोणी देऊ शकत नाही.

माझं मत घेताना सर आता ग्राहकालाही लाइनवर घेतात. कंपनीत त्याला प्रोसिजर म्हणतात.