परतीची तारीख

आमच्या दुकानाला दोन खिडक्या आहेत. एकीत मी बसतो आणि परदेशी नोटा देतो-घेतो. दुसरीत कार्डबाई बसतात. हे नाव मीच त्यांना चिडवायला दिलं होतं, पण ते असं चिकटलं की आता मालकसुद्धा पगाराच्या दिवशी “कार्डबाई, इथे सही करा” म्हणतात.

मी नोटांचा माणूस. नोट बोटांत धरली की खरी की खोटी ते कळतं, खिसा किती हलका झाला तेही कळतं. प्रवासाला न्यायचं ते कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा एक तुकडा. इथे आधी पैसे भरायचे, मग तिकडे जाऊन ते खर्चायचे. आत काही उरलंय की नाही, ते नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हे मी रोज ऐकवतो. त्या रोज उत्तर देतात, “कॅशियरसाहेब, तुमचं पाकीट मारलं की चोर श्रीमंत होतो. माझं कार्ड मारलं तर एका फोनवर मी ते बंद करते. मग त्याने त्या कार्डाने पाठ खाजवत बसावं.”

बाई कामाला पक्क्या आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. गिऱ्हाईक येऊन बसलं की आधी त्याला बोलू देतात. तो सांगतो, मेहुण्याने अमुक कार्ड घेतलं, शेजाऱ्याने तमुक. तेव्हा त्या विचारतात, “मेहुणा चाललाय की तुम्ही?” मग एकेक गाठ सुटते. एकाच देशात जाणार असाल तर एकाच चलनाचं कार्ड पुरे, दोन-तीन देश फिरणार असाल तर अनेक चलनांचं घ्या. आज भरलेल्या पैशांचा भाव आजच ठरतो, पुढे तो चढला काय आणि पडला काय, तुम्ही झोपा. तिकडच्या दुकानात यंत्र विचारेल, आपल्या पैशात घेऊ की इथल्या? तेव्हा तिथलंच चलन दाबा, आपलं दाबलंत की ते गोड बोलून जास्तीचे कापतात. हॉटेलच्या अनामतीला हे कार्ड देऊ नका, ते तुमचे पैसे अडकवून ठेवतात आणि तुम्ही रस्त्यावर उपाशी.

कार्डाबरोबर एक जोडकार्ड येतं. पहिलं हरवलं तर दुसरं, पैसे दोघांत मिळून एकच. ते जोडकार्ड त्या नवऱ्याच्या हातात कधीही देत नाहीत. “हे यांच्या पर्समध्ये,” म्हणून सरळ बायकोपुढे सरकवतात. तेव्हा नवऱ्यांचे जे चेहरे होतात, ते बघायला मी माझी रांग थांबवतो.

आणि सगळ्यात शेवटी, कुणीही असो, एकच प्रश्न: “परतीची तारीख?”

माणसं चाचरतात. अजून ठरलं नाही, बघू, मुलगा म्हणेल तसं. बाई पेन खाली ठेवतात. तारीख हवी म्हणजे हवी. त्यांच्या संगणकात ती जागा रिकामी सोडता येते, पण त्या कधी सोडत नाहीत. “जायचं कधी ते सगळ्यांना ठाऊक असतं,” असं म्हणतात, “यायचं कधी ते लिहिल्याशिवाय मी कार्ड देत नाही.” मला हा आगाऊपणा वाटायचा. एकदा मी तसं बोललोही, तेव्हा त्यांनी चहाचा कप उचलला आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या.

मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या आणि पाण्याचं पिंप आहे. तिथेच हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, मला त्यांच्या मुलीची गोष्ट कळली.

मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा आईनेच तिचं कार्ड काढलं. अगदी निगुतीने. चलन, मर्यादा, जोडकार्ड, सगळं. फक्त एका जागी बाई चुकल्या. कार्डावर एक मोबाइल नंबर द्यावा लागतो, त्यावर खर्चाचे मेसेज येतात. गिऱ्हाइकांना त्या बजावून सांगतात की तिथे सोबत असेल तोच नंबर द्या. पण पोरगी जाऊन नवा नंबर घेईपर्यंत मेसेज हरवतील, म्हणून त्यांनी स्वतःचाच घातला. पुढे बदलायचा राहून गेला. शिंप्याच्या घरी स्वतःच्या सदऱ्याला बटण नसतं, त्यातलाच प्रकार.

परतीची तारीखही तेव्हा लिहिली होती. ती आली आणि गेली. मुलीला तिकडेच नोकरी लागली. त्यात काही वाईट नव्हतं. वाईट झालं ते पुढे. बाईंचे यजमान, छापखान्यात काम करणारा शांत माणूस, एका सकाळी चप्पल घालता घालता खाली बसले ते उठलेच नाहीत. मुलीचे राहण्याच्या परवान्याचे कागद तेव्हा नेमके सरकारी कचेरीत अडकलेले. ते हातात आल्याशिवाय देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. ते मिळेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. ती फोनवर म्हणाली, “आई, आता निघू शकते मी.”

बाई म्हणाल्या, “आता येऊन काय करणार आहेस?”

“रागाने म्हटलं नव्हतं हो,” त्या मला सांगत होत्या. “माझ्यात काही उरलंच नव्हतं. ये म्हणायलासुद्धा जोर लागतो.”

मुलीने ते शब्द जसेच्या तसे घेतले. ती आली नाही. नंतरचे दोन-चार फोन हवापाण्याच्या गप्पांत संपले, मग तेही थांबले. तिने करावा असं हिला वाटे, हिने करावा असं तिला वाटत असणार. फोन होता, नंबर होता, सगळं होतं. हात तेवढा उचलवत नव्हता.

राहिलं ते कार्ड. बाई पगार झाला की त्यात थोडे पैसे टाकत. आणि महिन्यातून एकदा त्यांच्या फोनवर मेसेज येई: कुठल्याशा बेकरीत एक कॉफी, एक पाव. बस्स. तेवढंच.

मला त्या मुलीचा भयंकर राग यायचा. स्वतः कमावते आणि आईच्या पैशाने कॉफी पिते! मी म्हणायचो, “बंद करा ते कार्ड. चार महिने पैसे टाकू नका, बघा कसा फोन येतो.” बाई हसायच्या. “तिचं तिथे स्वतःचं खातं आहे, कॅशियरसाहेब. तिला या कार्डाची गरज नाही.”

“मग वापरते कशाला?”

“मला मेसेज यावा म्हणून.”

पुढच्या वेळी मेसेज वाजला तेव्हा मीच खिडकीतून विचारलं, “आली का कॉफी?” आणि त्यांनी मान हलवली. मग तो आमचा रिवाजच झाला. एका महिन्यात मेसेज उशिरा आला, तर मला उगाचच जेवण गेलं नाही. ज्या पोरीला मी पाहिलेलं नाही, जिच्यावर मी दात खाऊन होतो, तिची मला काळजी वाटत होती. माणसाचं मन म्हणजे अवघड प्रकरण आहे.

कार्डाला मात्र मुदत असते. ती त्याच्या तोंडावरच छापलेली असते, आणि या वर्षी ती भरत आली. नवं कार्ड द्यायचं तर ज्याचं आहे त्याने स्वतः समोर येऊन सही करावी लागते. आईने केलेली चालत नाही. हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटचा महिना लागला तशा त्या गिऱ्हाइकांवर खेकसायला लागल्या. एका नवऱ्या मुलाला तर त्यांनी असं झापलं की तो जोडकार्ड आपणहून बायकोला देऊन मोकळा झाला. मी मागच्या खोलीत त्यांना म्हटलं, “तुम्हीच फोन करा ना.”

“काय बोलू?”

“कार्ड संपतंय म्हणून सांगा.”

“ते तिला दिसतंय की. कार्ड तिच्याच हातात आहे.” जरा वेळाने त्या म्हणाल्या, “ते संपलं की मग ती आहे की नाही, हेसुद्धा मला कळायचं नाही.” नोटांच्या माणसाकडे अशा गोष्टींना सुट्टे नसतात.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, रस्त्यावर सामसूम. बाईंच्या समोर एक पेन्शनर आजोबा आणि त्यांच्या सौभाग्यवती बसलेले, लेकाकडे निघालेले. जोडकार्ड रीतसर आजींच्या पर्समध्ये गेलं होतं. बाई आता ओटीपीवर आल्या होत्या.

“ऑनलाइन काही घेतलंत की फोनवर सहा आकडे येतील. ते कुणालाही सांगायचे नाहीत.”

“मुलालाही?” आजोबा.

“मुलालाही नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला, तर त्याला मुळीच नाही. मी स्वतः फोन करून विचारले तरी मला सांगायचे नाहीत.”

“हिला?”

“यांनासुद्धा नाही,” बाई म्हणाल्या, आणि आजी म्हणाल्या, “मला हवेत कशाला, मी तुमचा फोनच काढून घेईन.”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मेसेजचा आवाज. या महिन्याची कॉफी तर येऊन गेली होती. त्यांनी वाचलं, आणि माझ्या खिडकीतूनसुद्धा मला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी उठून गेलो. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एका विमान कंपनीचं नाव, भलीमोठी रक्कम, सहा आकडे. आणि खाली ओळ: हा क्रमांक कुणालाही सांगू नका.

महिन्याला एका कॉफीपलीकडे तिने न उडवलेले आणि आईने टाकून टाकून साठवलेले, त्या कार्डात एका तिकिटाचे पैसे जमले होते. ते तिकीट ती आत्ता, या क्षणी, तिकडे काढत होती. स्वतःच्या खात्यातून तिला ते चुटकीसरशी काढता आलं असतं. पण तिने हे कार्ड घेतलं होतं, ज्याचे आकडे आईच्या फोनवर येतात. आईने सांगितल्याशिवाय ते तिकीट निघणार नव्हतं.

“करा फोन,” मी म्हणालो.

“ती करेल. आकडे तिला हवेत.”

“ती तुमची मुलगी आहे. ती कशाला आधी करेल?”

बाई फोनकडे बघत राहिल्या. फोन गप्प. हे आकडे काही मिनिटांतच शिळे होतात, हे त्या दिवसातून कितीदा गिऱ्हाइकांना सांगतात. आजोबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बायकांना असल्या गोष्टी न सांगता कळतात. पहिले आकडे गेले वाया. हातातल्या नोटा मी कुठे ठेवल्या ते मला आठवत नव्हतं.

पुन्हा मेसेज वाजला. नवे सहा आकडे. म्हणजे तिने तिकडे पुन्हा बटण दाबलं होतं. ती वाट बघत होती.

बाईंनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. मेसेज डोळ्यांसमोर हवा म्हणून त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि स्पीकर लावला. दुसऱ्याच रिंगला तिकडून आवाज आला, “हॅलो?”

इतक्या वर्षांनी आई लेकीशी काय बोलली असेल? कशी आहेस नाही, बाळ नाही, काही नाही. बाईंनी एकेक करून सहा आकडे वाचले. आकडे अगदी स्पष्ट.

“शेवटचे दोन परत सांग,” मुलगी म्हणाली.

बाईंनी परत सांगितले.

“अहो बाई,” आजोबांना राहवेना, “कुणालाही सांगायचे नाहीत म्हणालात ना आत्ता?”

“माझी मुलगी आहे,” बाई म्हणाल्या. या दुकानात गिऱ्हाइकासमोर हे शब्द त्यांनी कधी काढले नव्हते.

स्पीकरमधून कळा दाबल्याचा आवाज आला. मग, “झालं, आई. निघालं तिकीट.”

आता पुढे काय बोलायचं, ते दोघींपैकी कुणालाच येत नव्हतं. सराव सुटला होता. बाईंनी ओठ घट्ट मिटले, समोरचं पेन उचललं, आणि ज्या आवाजात त्या सगळ्या जगाला विचारतात त्याच आवाजात विचारलं, “परतीची तारीख?”

“परतीचं काढलं नाही मी,” ती म्हणाली. “ती तू सांगशील ती.”

मला वाटलं, बाई आता पेन खाली ठेवतील आणि ठणकावून तारीख मागतील. त्यांनी पेन ठेवलं खरं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“राहू दे ती जागा रिकामी,” कार्डबाई म्हणाल्या. “तू ये.”