अन्न कंपनीचं

काल धुळ्याच्या बस स्टँडवर एका रिसॉर्टचं होर्डिंग दिसलं. निळंशार पाणी, नारळाची झाडं आणि खाली ठळक अक्षरांत... 'राहणं, खाणं, सगळं पॅकेजमध्ये!' मी उभ्या उभ्या एकटाच हसलो.

असल्या एका पॅकेजमध्ये मी नव्वदच्या दशकात जाऊन आलोय. सोबत बायको आणि सासरे!

तेव्हा जळगावातलं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान नुकतंच पंपांची एजन्सी झालं होतं. बोटांवर तांब्याच्या तारेचे कापे तसेच, पण दुकानावर पाटी नवी. कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं आणि बक्षीस म्हणून दमणकडच्या बीच रिसॉर्टची फॅमिली ट्रिप लागली.

नानांना, म्हणजे सासऱ्यांना, न्यायचंच असं मी ठरवलं. त्याला कारण होतं. नाना शिरपूरकडचे कापूस पिकवणारे, जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं.

नाना घरी यायचे, ओट्यावर बसायचे आणि पिशवीतून स्वतःच्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी काढून खायचे. आत बायको, सुनंदा, गॅसपुढे उभी. माझे कान तिखट आहेत. नानांनी पिशवीची गाठ सोडली की आतल्या भांड्यांचा आवाज बदलायचा.

म्हटलं, रिसॉर्ट म्हणजे काही लेकीचं घर नाही. तिथे तरी बापलेक एका टेबलावर जेवतील. नानांना विचारलं, तर बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"अन्न कंपनीनं शे ना? जवाईनं नही ना?"

"कंपनीचंच, नाना."

"मंग मी येसू."

तर असे आम्ही सुरतच्या गाडीने निघालो... आणि काय सांगू! 'सी व्ह्यू' खोलीची खिडकी धुतलेल्या चादरींच्या दोरीवर उघडत होती. स्विमिंग पूलचं पाणी आमच्या गावच्या डबक्यापेक्षा हिरवं. एसी गार कमी करायचा आणि टपकायचा जास्त.

समुद्र बघायला गेलो तर ओहोटी. नजर जाईल तिथवर नुसता काळा चिखल. माझा चेहरा पडलेला बघून नाना खाली वाकले, चिखल चिमटीत घेऊन बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "पेरनीले बेस शे जमीन."

सुनंदा इतकी हसली की चप्पल चिखलात रुतून बसली.

खरी कमाल जेवणाच्या हॉलमध्ये झाली. लोक प्लेटा घेऊन काउंटरवर वाढून घेत होते आणि नाना टेबलापाशी खुर्चीवर मांडी घालून, हात पुसून, शांत बसलेले... कुणीतरी वाढायला येईल म्हणून! आपल्याकडे पंगतीत कुणी स्वतःच पळी हातात घेतं का? मी उठणार, तोवर सुनंदा प्लेट भरून आलीसुद्धा.

वरण साखरेचं. वांग्याला मिरचीचा वाससुद्धा लागलेला नाही. पोळी अशी की दोन्ही हातांनी ओढावी. मला घास गिळवेना... आणि नाना म्हणतात, "सुनी, आजून वरन आन!"

ती पळत गेली. परत आली. "नाना, अजून एक पोळी? अर्धी तरी!" लग्नानंतर पहिल्यांदा ती बापाला आग्रह करत होती. नाना मान खाली घालून जेवत होते, पण मधूनच तिच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "नाना, चला, दाखवतो कसं घ्यायचं ते." नानांनी डोळे मिचकावले. "माले समजस, जवाईबापू. पन मी बठस आठेच." आणि बसले. प्रत्येक जेवणाला तेच. तेच गोड वरण... आणि तेही मागून मागून!

परत आलो. एरवी नानांनी जळगाव स्टेशनवरून थेट बस स्टँड गाठलं असतं. त्या दिवशी आमच्याच रिक्षात बसले. घरी आल्यावर ओट्यावर थांबले नाहीत... सरळ स्वयंपाकघरात. मी बाहेरच बूट काढत राहिलो. मुद्दामच.

"सुनी, भाकर टाक. त्या हाटेलवालानी तीन दिन उपाशी मारं."

"नाना... माझ्या घरी?"

"मंग काय टेसनवर जेवू?"

नंतर परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला... थांबला... पुन्हा सुरू झाला. भाजलेल्या वांग्याचा वास ओट्यापर्यंत आला, तेव्हा कुठे मी आत गेलो. नाना भरीत खात होते. मिरचीने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं नावही घेत नव्हते.

संध्याकाळी त्यांना बसमध्ये बसवताना पिशवी उचलली, तर जड लागली. आत फडक्यात बांधलेल्या दशम्या... गाठसुद्धा न सोडलेल्या. उपाशी म्हणे!

नानांनी माझ्याकडे बघितलं. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जुन्या व्हई गयात. गायले टाकी द्या."

मूल आम्हाला पुढेही झालं नाही. पण नाना शेवटपर्यंत येत राहिले... रिकामी पिशवी घेऊन. जाताना सुनंदा ती भरून द्यायची. नेम किती जुना होता आणि किती हलक्या हाताने त्यांनी तो बाजूला ठेवला... एवढं मोठेपण मी नंतर फार कमी लोकांत बघितलं.

काल त्या होर्डिंगसमोर उभं राहून मी आमच्या त्या रद्दी रिसॉर्टला मनोमन हात जोडले. तिथलं जेवण जरा बरं असतं ना... तर नानांना सबबच मिळाली नसती.