सहा दारांचं कपाट आणि वगीहची लेन्स

वगीह फोटोग्राफरला आयुष्यात दोन बायकांनी जेरीस आणलं. एक त्याची बायको नगात, आणि दुसरी नगातची मावशी, खाला इन्शिराह. नगातचं सोडा, ती घरचीच. पण खालाची मर्जी गेली म्हणजे अख्खी सुतारगल्ली गेली. इजिप्तमधल्या दुम्यात शहराच्या त्या गल्लीत साखरपुडा असो की बारसं, फोटोला कुणाला बोलवायचं हे खाला ठरवायची, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

बिनसलं ते एका हातावरून. खालाच्या थोरल्या नातीच्या लग्नाआधी तिच्या नव्या घरात सामान लावायचा दिवस होता. सगळं बायकामंडळ नव्याकोऱ्या कपाटापुढे उभं राहिलं आणि वगीहने फोटो काढला. फोटोत नवरी आली, नवरीची आई आली, चुलत्या-मावळणी आल्या. डाव्या कडेला मात्र नुसता एक हात आला. मनगटात तीन सोन्याच्या बांगड्या आणि हातात जिलेबीसारख्या मशब्बक मिठाईची ताटली. खाला इन्शिराहची एवढीच काय ती हजेरी.

दुसरी एखादी असती तर रुसली असती. खालाने तो फोटो मोठा करून घेतला, सोनेरी चौकटीत घातला आणि दिवाणखान्यात टांगला. पाहुण्याला आधी चहा, मग प्रश्न.

"ओळखा बघू, हा हात कुणाचा?"

पाहुणा गडबडायचा.

"अहो, माझाच! बाकीची मी वगीहच्या कॅमेऱ्यात मावले नाही. लहान असेल हो बिचाऱ्याचा कॅमेरा."

आता यात कॅमेऱ्याचा दोष तसा अर्धाच. खरा गोंधळ लेन्सचा, आणि त्यामागे मिदहत. हा मिदहत म्हणजे पलीकडच्या चौकातला फोटोग्राफर, वगीहचा दोस्त आणि वैरी, ज्या दिवशी जे सोयीचं असेल ते. वर्षभरापूर्वी तो वगीहला म्हणाला होता, "अरे, कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेल्या लेन्सवर अजून धंदा करतोस? लोक हसतात रे. ही माझी घे. कैरोतले बडे फोटोग्राफर हिच्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत." आणि आपली चोवीस-सत्तर मिलिमीटरची भलीमोठी लेन्स वगीहच्या गळ्यात मारून, वर त्याची ती हसण्याजोगी अठरा-पंचावन्न घेऊन गेला. ती तो आजतागायत वापरतोय.

बड्या फोटोग्राफरांचे कॅमेरे मोठ्या सेन्सरचे, हे सांगायचं मिदहत विसरला. वगीहचा सेन्सर लहान. तो लेन्समधून आलेल्या चित्राच्या कडा छाटून मधलं तेवढं ठेवतो. बागेत, लग्नाच्या हॉलमध्ये माणूस चार पावलं मागे सरकून निभावून नेईल. पण दुम्यातच्या नवरीच्या खोलीत मागे सरकणार कुठे? तिथला सुतार परक्या गिऱ्हाइकासाठी खोली मोजून फर्निचर करतो. स्वतःच्या पोरीसाठी करताना मोजपट्टी खुंटीला टांगतो. राजवाड्यात शोभेल असा पलंग, सहा दारांचं कपाट, माणसाहून उंच आरसा. मग उरते ती एक फट, तिच्यातून नवरीने आडवं होऊन चालायचं. मागच्या खेपेला वगीहने खिडकीत बसून, अर्धा जीव रस्त्यावर लोंबकळत ठेवून फोटो काढला होता. तरी खालाचा हातच आला.

आणि आता धाकट्या नातीची, हनादीची, पाळी. नगात निरोप घेऊन आली.

"खाला म्हणाली, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी ये. पण या खेपेला मी डोक्यापासून पायापर्यंत दिसले पाहिजे. नाहीतर पुढच्या कार्याला मिदहत आहेच."

झालं! वगीहची झोप उडाली. नवी लेन्स कोणती घ्यावी, असा त्याने चारचौघांना सल्ला विचारला; मिदहतचं ऐकल्यानंतरची ही त्याची दुसरी चूक. न्हावी म्हणाला, "लांबलचक घे, चंद्रावरचे खड्डे दिसायला हवेत." बेकरीवाला म्हणाला, "जड घे, जडपणातच दम असतो." मोबाइलवर शंभर लोक भांडत होते, त्यातल्या एकाच्याही घरात सहा दारांचं कपाट नव्हतं.

"तीन आठवडे झाले," नगात म्हणाली, "एका लेन्ससाठी डोळे फोडतोयस. मला पसंत करायला तुला दोन कप चहा पुरले होते."

"तेव्हा एवढी माहिती कुठे मिळत होती?" वगीह म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला पाव आणि पांढऱ्या चीजवर भागवावं लागलं.

शेवटी तो लबीबच्या दुकानात गेला. लबीब म्हातारा, निम्मा बहिरा, पण कामाचं तेवढं बरोबर ऐकू येई. त्याने काचेवर तीन लेन्सा मांडल्या.

"ही अठरा-एकशेपस्तीस."

"लांबचं काय बघू? खाला माझ्या छातीवर उभी असते."

"मग ही अठरा-पंचावन्न. तुझ्याकडे होती ना?"

"होती! होती!" वगीह ओरडला. "तिचं नाव काढू नका. आणि दिव्याच्या उजेडात ती आंधळी होते. मग फ्लॅश मारावा लागतो."

"मार की."

"चाचा, ताज्या पॉलिशवर फ्लॅश? कपाटाच्या मधोमध पांढरा डाग उठला, तर सुतार माझीच सालटी काढून पॉलिश करेल."

"मग रडतोस कशाला? सतरा-पन्नास घे. सतराला रुंद दिसतं, आणि आतून मोठी उघडते म्हणून कमी उजेडात चालते. तुझ्याच सेन्सरच्या मापाची आहे. कपाटाला पाठ लाव आणि माझा फोटो काढ."

वगीहने काढला. लबीब आला, त्याच्या दोन्ही बाजूंची फडताळं आली, दारातलं मांजरसुद्धा आलं. वगीहच्या जिवात जीव आला.

गुरुवारी खोलीत चौदा बायका आणि पाय ठेवायला जागा नाही. खाला डाव्या कडेलाच उभी राहिली, मुद्दाम. हातात तीच ताटली. वगीहने पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून फोटो काढला आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. चौदाच्या चौदा! खाला अख्खी, चपलेसकट!

खालाने चष्मा चढवला. बघितलं. परत बघितलं.

"ही म्हैस कोण?"

"खाला, तुम्हीच की."

"मी? माझे खांदे एवढे? हनादीच्या शेजारी दोन बायका उभ्या केल्यासारखी दिसतेय मी!"

वगीहने कपाळावर हात मारला. "खाला, तुम्ही म्हणालात पूर्ण दिसले पाहिजे. पूर्ण दिसलात. आता आणखी काय करू? जीव देऊ?"

खालाने कॅमेरा जवळ ओढला. नवरा सुतार, चाळीस वर्षं त्याच्या फळ्यांचं दुसरं टोक हिने धरलेलं. तिने अंगठा आणि बोट ताणून आधी फोटोतली खाला मोजली, मग मधली हनादी, मग उजव्या कडेची विहीण. विहीणही फुगलेली बघून तिला जरा बरं वाटलं.

"कडेचं ताणतंय तुझं यंत्र," ती म्हणाली. "मधलं सरळ आहे. तीन आठवड्यांत एवढं कळलं नाही तुला?"

वगीहला खरंच कळलं नव्हतं.

"मला मध्ये घे. कपाट कडेला येऊ दे."

"आणि नवरी?"

"ती काडी आहे. थोडी ताणली तर अंगाने भरल्यासारखी दिसेल. चला गं, सरका!"

दुसऱ्या फोटोत खाला मधोमध, सडपातळ, राणीसारखी. कडेला कपाट असं पसरलं होतं की सुताराने स्वतः तीनदा दारं मोजली.

तो फोटो खालाच्या दिवाणखान्यात लागला. आता पाहुण्याला चहानंतर प्रश्न येतो, "सांगा बघू, कपाट किती दारांचं?" पाहुणा आठ म्हणतो, आणि खाला खूश. गल्लीतली सगळी कार्यं वगीहकडे आली, पण सुख त्यातही नाही. प्रत्येक सुतार म्हणतो, माझं कपाट कडेला घे. प्रत्येक बाई म्हणते, मला मध्ये घे. मध्ये मावणार किती?

हाताचा फोटो मात्र तिथेच आहे, नव्या फोटोच्या शेजारी. वगीहने एकदा धीर करून विचारलं, "खाला, आता तो काढा ना."

"राहू दे," खाला म्हणाली. "एकदा नुसत्या हाताला अख्खी मावशी समजून बसला होतास, ते तू विसरायला नको."