नाव ओळीच्या सुरुवातीला

बोहुमीर विखोदिल यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसते, म्हणजे त्यांच्या चीजचा वास अकरा वर्षं सोसते. चीज ओलोमोउत्सचं, आमच्याच गावचं. तक्रार करायचीही सोय नाही. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. त्यातला निम्मा यांनीच लिहिलाय.

त्यांचा कोड लिहायचा एडिटर म्हणजे कोरी पाटी. रंग नाहीत, मेनू नाहीत, चुकीखाली लाल रेघ नाही. जे लागेल त्यासाठी ते दोन-दोन ओळींच्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायचे छोटे हुकूम, लिहितात आणि एकेका अक्षराचं नाव ठेवून मोकळे होतात. सगळ्यांत लाडकी 'के'. तिला फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याचं, नाव सांगायचं; ते कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर लिहिलंय ते ती दाखवते, आणि त्यावर क्लिक केलं की फाइल तिथेच उघडते. अट एकच, नाव ओळीच्या अगदी सुरुवातीला हवं. म्हणून अठ्ठावीस वर्षं आमचं सगळं ऑफिस नावाआधी निमूटपणे ओळ तोडतं आणि नाव नव्या ओळीवर घेतं.

नवा साहेब हिनेक, त्याला हे बघवेना. दर शुक्रवारी दुपारी बाराला गरम पाण्याचा पंप एक मिनिट बंद पडायचा. दोन पंप बदलून झाले होते. हिनेकने फर्मान काढलं: कारण बोहुमीर आधी शोधतात की मोठ्या एडिटरवाली नवी एस्टर, ते शुक्रवारी बघू. हरले तर सोमवारपासून त्यांनीही चारचौघांसारखा मोठा एडिटर घ्यायचा. बोहुमीर हसले, पण त्या दिवशी त्यांनी चीजला हात लावला नाही. मला खरंच भीती वाटली.

शुक्रवारी नऊ वाजता त्यांनी 'के'ला पंपाची वेळ ठरवणारं फंक्शन विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही.

"माझी 'के' गेली," ते मला हळूच म्हणाले.

समोर एस्टरचंही घोडं अडलेलं. तिचा एडिटर सगळ्या फाइली नव्याने वाचत बसला होता. ती लालबुंद होऊन आमच्याकडे आली.

"इंजिनियरसाहेब, काल मी कोड नीटनेटका केला. तुटलेल्या ओळी जोडल्या. मला वाटलं, कुणीतरी आळसाने तशाच ठेवल्यात."

"किती फाइलींत?"

"सगळ्या."

बोहुमीरनी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: नाव ओळीत कुठेही असो, शोध, अर्धविराम असलेल्या ओळी सोड, तिथे फंक्शन नुसतं वापरलेलं असतं. स्क्रिप्टचं नाव ठेवलं 'ई', एस्टरच्या रोमन आद्याक्षरावरून. एकच ओळ आली. क्लिक केलं. आत लिहिलेलं, शुक्रवारी बाराला एक मिनिट बंद, आणि शेजारी टीप: 'चाचणीपुरतं. सोमवारी काढणे. बो. वि., १९९७.'

हिनेक वाकून बघत होता. "हा बो. वि. कोण?"

"मीच," बोहुमीर म्हणाले. "तो सोमवार राहून गेला."

हिनेक सरळ उभा राहिला. मग म्हणाला, ठेवा तुमची पाटी, पण ती ओळ आत्ता काढा. बाराला पंप चालूच राहिला. बोहुमीरनी चीजचा डबा उघडला, एस्टरपुढे धरला आणि तिला सांगितलं की आजपासून मला अरे-तुरे कर. आमच्याकडे हे मोठ्यानेच सांगायचं असतं, आणि एकदा सांगितलं की परत घेता येत नाही. तिने नाक न दाबता चीज खाल्लं. तिथेच मला ती आवडली.

जोडलेल्या सगळ्या ओळी तिने पुन्हा तोडल्या. परवा एका नव्या माणसाने एक जोडली, तर ही टेबलावरूनच म्हणाली, "नाव ओळीच्या सुरुवातीला. का ते विचारू नकोस." तिच्या एडिटरला त्याची काडीचीही गरज नाही.