मथुराबाईंच्या हातची माळ

तुळजापुरात महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या कुंकवाच्या दुकानासमोरच, मथुराबाईंचं कवड्यांच्या माळांचं दुकान आहे. देवीला आलेला माणूस कुंकू घेतो, परडी घेतो आणि गळ्यात घालायला कवड्यांची माळ घेतो. मथुराबाई ती माळ स्वतः ओवतात. गिऱ्हाईकाशी गप्पा चाललेल्या असतात आणि सुई आपली आपण पुढं सरकत असते.

त्यांचं माहेर तामलवाडीचं. सोलापूरकडून अनवाणी येणारे भाविक त्यांच्या दारावरून जायचे. लहानपणी मथुराबाईंनी त्या भाविकांना पाण्याचे तांबे भरभरून दिलेले. लग्न होऊन तुळजापुरात आल्या आणि सासूबाईंनी, तारामतींनी, त्यांना कवडीची पाठ दगडावर घासायला बसवलं. भोक पडलं की त्यातून दोरा, मग गाठ, मग पुढची कवडी. तारामतींचा दोरा सुताचा, मांडीवर पीळ दिलेला. पण घामानं सूत कुजायचं, माळा तुटायच्या. म्हणून पुढं मथुराबाईंनी नायलॉनचा दोरा आणला. सासूबाई भडकल्या.

"देवीच्या माळंला असला दोरा?"

"आत्याबाई, कवडी तरी कुठं आपल्या रानात पिकती? तीबी लांबूनच येती की."

नायलॉन दुकानात राहिला तो राहिलाच.

आता रस्ता ओळखू येत नाही. पत्र्याची दुकानं जाऊन शटर आली, पाट्या एका मापाच्या झाल्या. नळदुर्गचा किल्ला बघून इकडं वळणारे, नुसतं फिरायला आणि फोटो काढायला येणारे लोक वाढले. त्यांच्या मागोमाग प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळा आल्या. हलक्या, चकचकीत आणि आयत्या ओवलेल्या. मथुराबाईंच्या शेजारच्या शरणप्पांनी त्या पहिल्यांदा टांगल्या, मग बहुतेकांनी.

मागच्या नवरात्राआधी आम्हा दुकानदारांची बैठक झाली. कुणीतरी टूम काढली, की रस्त्याच्या तोंडाशी कुडाची झोपडी उभारायची, शेणानं सारवायची आणि मथुराबाईंनी नऊवारी नेसून तिथं माळा ओवत बसायचं. बाहेरच्या लोकांना जुनं तुळजापूर बघायला मिळेल.

मथुराबाई गोल साडी नेसतात आणि चष्मा लावतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झोपडीत म्या कधी बसले न्हाय," त्या म्हणाल्या. "आधी पत्र्याखाली बसले, आता शटरमधी बसते. जे कधी न्हवतं ते जुनं म्हणून कसं दावायचं?"

"लोकांना तसलंच आवडतंय हो," शरणप्पा म्हणाले.

"आन् त्या झोपडीच्या मागं इकणार काय? प्लास्टिकच न्हवं? इका, मी आडवत न्हाय. पण घेणाऱ्याला प्लास्टिक हाय म्हणून सांगा."

"कोण इचारतंय, मथुराबाई?" शरणप्पा हसले. आम्हीही हसलो. झोपडी मात्र झाली नाही, कारण तिच्यात बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

नवरात्रातल्या मंगळवारी, दिवस मावळायच्या आधी, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायकांचा मेळा रस्त्यानं आला. संबळ वाजत होतं. येरमाळ्याकडची एक तरणी बाई हातात पेटता पोत, तेलात भिजवलेल्या कापडाची देवीची मशाल, घेऊन नाचत होती. गळ्यात नवीकोरी माळ होती, नुकतीच शरणप्पांकडून घेतलेली. गर्दीत तिला धक्का बसला, पोत कलला आणि पेटतं तेल माळेवर सांडलं. कवड्या धडाधड पेटल्या. वितळून गळ्याला चिकटायला लागल्या. बाई किंचाळली आणि गर्दी मागं सरली.

मथुराबाई पुढं धावल्या. साठी उलटलेली बाई फळीवरून कशी उतरली ते मला दिसलंसुद्धा नाही. पदर हाताला गुंडाळून त्यांनी पेटती माळ धरली, दुसऱ्या हातातल्या कात्रीनं मानेमागं तोडली आणि रस्त्यावर भिरकावली. मी पाण्याची घागर नेऊन ओतली. शरणप्पांनी दुकान तसंच उघडं टाकून त्या बाईला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. गळ्याची कातडी भाजली होती, पण जीव वाचला. मथुराबाईंच्या तळहाताला मोठा फोड आला.

दुसऱ्या दिवशी शरणप्पा खाली मान घालून मथुराबाईंच्या दुकानासमोर उभे राहिले. आता मथुराबाई त्यांना फाडून खाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पण मथुराबाईंनी शरणप्पांना समईपाशी बोलावलं आणि आपल्या रिळातला नायलॉनचा तुकडा ज्योतीवर धरला. तो आखडला, काळा पडला आणि त्याचा चिकट थेंब झाला.

"बघा. माझी कवडी खरी, पण दोरा असला. गळ्याला चटका ह्योबी देणार."

त्यांची सून अर्पिता म्हणाली, "आत्या, आपल्या माळंनं कुठं कुणाला काय झालंय?"

"झालं न्हाय. व्हायची वाट बघू का?"

शरणप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिव्या खायच्या तयारीनं आलेल्या माणसाला याचं काय करावं ते कळेना.

त्या दिवसापासून पोत घेणाऱ्यांच्या माळा मथुराबाई सुतात ओवतात; सूत जळालं तरी वितळून चिकटत नाही. पीळ देणं हाताला आठवेना. पहिले दोरे सैल पडले, ते त्यांनी उसवून टाकले. फोड बरा होईपर्यंत एकाच हातानं खटपट चालली होती. मग एका दुपारी पीळ जमला, तारामतींचा असायचा तसाच घट्ट. "आत्याबाईंचं बराबर होतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सूत कुजतं हेही त्या लपवत नाहीत. "वर्षाला घिऊन या, परत ओवून देते," असं प्रत्येकीला सांगतात. नुसती माळ घालणाऱ्याला अजून नायलॉनच देतात, आणि तेही सांगूनच.

शरणप्पांनी प्लास्टिकच्या माळा गळ्यात घालायला विकणं बंद केलं. गाडीत टांगायला त्या आहेत, पण वर मोठ्या अक्षरात 'प्लास्टिक' लिहिलंय. एक दिवस ते बायकोला, वनमालाला, घेऊन मथुराबाईंकडं आले.

"हिला शिकवा. दुकान तुमच्या दुकानाला लागूनच हाय, तुमचंच गिऱ्हाईक तोडल्यावानी हुईल, म्हणून मागायला लाज वाटतीया."

"लाज कसली? दगड घिऊन बसा म्हणावं."

वनमाला शिकल्या, मग रस्त्यावरच्या आणखी बायका आल्या. दुपारी त्या फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात. कुणाचा मोबाईल वाजतो, कुणी मध्येच उठून पोराला डबा देऊन येते. बाहेरचे लोक थांबतात, बघतात, फोटो काढतात. कुणालाही वेगळं नेसायला लागलेलं नाही. मला तर गिऱ्हाईक नसलं की तिकडंच बघत बसावंसं वाटतं. आमचा रस्ता असा आहे हे मी पाहुण्यांना छाती फुगवून दाखवतो.

यंदा सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत अर्पितानं एकटीनं माळांचं दुकान लावलं. मथुराबाई काही गेल्या नाहीत. सकाळी एसटीत माळांची पोती चढवून देताना एवढंच म्हणाल्या, "उन्हात बसू नको, आन् कुणी घाई केली तरी गाठ सैल सोडू नको."