पानसे सरांचा पेशींचा तास

पानसे सरांच्या कोटाच्या खिशात कायम एक कांदा असे. शिक्षकांच्या खोलीत रुमाल काढायला हात घालत आणि हातात कांदा येई, तोही खालून पांढऱ्या मुळ्या फुटलेला. तो टेबलावर ठेवून खुशाल चहा पीत बसत. मी चिंचवडच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तो पहिलाच आठवडा, उन्हाळ्याचे दिवस. मला वाटलं, ऊन बाधू नये म्हणून लोक बाळगतात तसा बाळगत असतील. तसं विचारलं तर म्हणाले, "उन्हाचं तुम्ही बघा बाई. मी ह्याच्या मुळ्या वाढायची वाट बघतोय. ह्याच्या टोकाला काय चाललंय ते तुम्हाला दाखवलं ना, तर जेवण सुचायचं नाही."

दाखवलं. आणि खरंच सुचलं नाही, हे मी कबूल करते. सर गेल्याचं परवा कळलं, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सभा घेतली आणि 'बाई, तुम्ही दोन शब्द बोला' म्हणून निरोप पाठवला. मी गेले नाही. दोन शब्दांत मावणारा माणूस नव्हता तो, आणि सभेत जे बोलतात ते शब्द माझ्याजवळ नव्हते. जे आहेत ते इथे लिहिते. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

शिक्षक म्हणून त्यांच्या नखाची सर कुणाला नव्हती, हे आधी सांगून टाकते. तेव्हा आमच्याकडे शाळा म्हणजे पत्र्याच्या खोल्या. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहत होता, बाकी कासारवाडीपर्यंत नुसती शेतं. शाळेत एकच पितळी सूक्ष्मदर्शक, तोही कपाटात कुलूपबंद. सरांनी तो बाहेर काढला आणि चाकणच्या बाजूच्या पोरांना घरून कांदे आणायला सांगितलं. एका पोराचा बाप भांडायलाच आला, की आमी कांदा पिकवायचा आन तुमी त्याची सालं काढून बगत बसायचं, ही कुटली शाळा? सरांनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, वर आयोडीनचा थेंब सोडला आणि त्याला डोळा लावायला सांगितलं. तो बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, "आरं तिच्या, ही तर इटांची भिंत हाय."

"भिंत नव्हे, पाटील," सर म्हणाले. "खोल्या आहेत ह्या. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड आहे. तो मधला ठिपका दिसतोय ना, तो त्या घरातला कर्ता. त्याच्याशिवाय काही हलत नाही." दुसऱ्या दिवशी त्या माणसाने पोतंभर कांदे आणून टाकले.

मुळीच्या टोकाचा तास तर बघण्यासारखा. पाण्याच्या पेल्यावर कांदा बसवलेला, त्याला आलेल्या मुळ्यांची टोकं सकाळीच कापायची, आम्लात मऊ करायची, लाल रंगात बुडवायची आणि काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायची. मग त्या चेपलेल्या पेशींत पोरं शोधत बसत. सर टेबलाभोवती फिरत सांगत, "आधी गुंतवळ दिसेल. विंचरून टाकलेल्या केसांसारखी. मग सुतं आखूड होतात, जाड होतात, मधोमध रांग धरतात. आणि मग बघा, प्रत्येक सूत उभं चिरत जातं, अर्धं ह्या टोकाला, अर्धं त्या टोकाला. एकीच्या दोन झाल्या. दोघींकडे सारखंच. भावाभावांच्या वाटण्या अशा झाल्या तर कोर्टं बंद पडतील." एखादा पोरगा पुस्तकातलं चित्र आठवून उत्तर द्यायला लागला की ते त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घालत. "काय असायला पाहिजे ते सांगू नको रे. काय दिसतंय ते सांग." हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. पोरं घरी जाऊन आपल्या बापांना ऐकवत.

पुस्तकालाही ते सोडत नसत. तेव्हाच्या पुस्तकात माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस सुतं, म्हणजे गुणसूत्रं, छापलेली असत. पुण्याला ग्रंथालयात जाऊन कुठलंसं मासिक वाचून आले आणि सोमवारी सगळ्या वर्गाला तो आकडा खोडून सेहेचाळीस करायला लावला. हेडमास्तर म्हणाले, परीक्षेत पोरांचे मार्क जातील हो. तर हे म्हणाले, जाऊ देत, खोटं शिकून मार्क मिळवण्यापेक्षा बरं. मी तेव्हा त्या माणसाच्या पाया पडायची बाकी होते.

आता घरचं सांगते. आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी, मधे एकच भिंत. सरांची आई, तिला सगळे अक्का म्हणत, बायको सुमती आणि चार मुली. सुमती माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. हसरी होती आणि भयंकर टापटिपीची. चौथीच्या वेळी तिला इतकं रक्त गेलं की पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सरांना समोर बसवून सांगितलं, पुन्हा बाळंतपण आलं तर बायको हाती लागणार नाही. हे सरांनीच मला सांगितलं होतं. पण अक्कांना नातू हवा होता. उठता-बसता एकच जप. हिच्या कुशीला मुलगा नाही, हिचं नशीबच फुटकं, आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. सुमती खाली मान घालून पोळ्या लाटत असे. आणि सर जेवून, हात धुऊन, कांद्याच्या पेल्यातलं पाणी बदलायला जात.

थोरली कुंदा तेव्हा दहावीत, बापाच्याच वर्गात. शाळेत बापाला 'सर' म्हणायची, इतकी शिस्तीची. बापासारखीच हुशार, आणि बाप म्हणजे तिचा देव. त्या वर्षी सरांनी पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतला. मुलामुलींच्या वर्गात असलं शिकवायला तेव्हा छाती लागे. त्यांनी सांगितलं, की इतर पेशींत सुतांच्या जोड्या असतात, पण संतती ज्या पेशींपासून होते त्यांत निम्मीच सुतं जातात. त्यांतलं एक सूत मुलगा की मुलगी ते ठरवतं. आईकडून येतं ते नेहमी मोठं. बापाकडून कधी मोठं येतं, कधी छोटं. मोठं आलं तर मुलगी, छोटं आलं तर मुलगा. म्हणजे ठरतं ते बापाच्या पेशीवर, आईचा त्यात काही संबंध नाही. मग प्रत्येकाला पैसा उडवायला लावला. चारदा काटा पडला म्हणून पाचव्यांदा छापाच पडेल असं एक पोरगं म्हणालं, तेव्हा सर म्हणाले, "पैशाला मागचं आठवत नाही, बाळ. त्याचा प्रत्येक डाव पहिलाच." पोरांनी ह्या सगळ्याचा मोठा तक्ता काढला. खाली सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'अपत्याचे लिंग पित्याच्या पेशीवरून ठरते.' तो तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला.

धडा झाला त्याच संध्याकाळी मी चाळण परत द्यायला त्यांच्या दारात गेले होते. सर जेवायला बसलेले, अक्का पाटावर, सुमती वाढत होती. अक्कांचं चाललं होतं की अजून एकदा बघायला काय हरकत आहे, चार झाल्या, आता देव मुलगाच देईल. आणि कुंदा म्हणाली, अगदी सरळ, बापाकडे बघत, की अक्का, आईला काही बोलू नकोस, मुलगी होते ती बाबांमुळे होते, बाबांनीच आज शिकवलं. सुमतीचा हात आमटीच्या पळीवर तसाच थांबला. अक्कांनी मुलाकडे वळून विचारलं, "काय रे? खरं म्हणते का ही?"

मी दारातच उभी. मनात म्हटलं, सुटली. आता सुटली ही. ह्या घरात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य होतं, आईसुद्धा त्यांच्या शिक्षणापुढे दबून असे. एक 'हो' म्हणायचा होता. फक्त एक.

सर ताटाकडे बघून म्हणाले, "ते कांद्याबद्दल सांगत होतो मी, अक्का. माणसाचं वेगळं असतं."

आणि भात कालवायला लागले. कुंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. अक्का म्हणाल्या, तरीच म्हटलं. सुमतीने त्यांच्या पानात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तू बोल ना, तुझ्या जिवाची गोष्ट आहे. ती धुणं पिळत म्हणाली, "मला सगळं कळलंय हो. कुंदाने चित्र काढून समजावलं मला. पण मी सांगून कोण ऐकणार? ते त्यांनी सांगायला हवं होतं." रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर तिला दिवस गेले. मला कळलं त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत सरांना गाठलं आणि कुणाची भीडभाड न ठेवता विचारलं, की डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते विसरलात का? म्हणाले, अक्का ऐकायची नाही हो. तिचं वय झालंय, तिचं मन मोडवत नाही. आणि कोण जाणे, चार मुली झाल्या, आता बहुधा... मी म्हटलं, पैशाला मागचं आठवत नाही ना, सर? तेव्हा ते हसले, ते मवाळ, गोड, पोरांना आवडणारं हसू. "बाई, घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे."

माणूस वाईट असता तर फार बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांनी बायकोवर कधी आवाज चढवला नाही, हात उचलणं तर दूरच. मुलींचे लाड केले. पण आईपुढे तोंड उघडायची वेळ आली की ह्यांची दातखीळ बसे. त्या भित्रेपणालाच लोक मातृभक्ती म्हणत आणि ह्यांनाही ते नाव आवडे.

बाळंतपण पुण्याला करायचं ठरलं होतं. अक्का म्हणाल्या, माझी सगळी घरातच झाली, सुईण आहे ना. सर 'बघू' म्हणाले. दुपारी मुलगा झाला. रक्त थांबेना. गाडी मिळवून दारात उभी करेपर्यंत दिवेलागण झाली, आणि तोवर सुमती गेली होती. शेजारणी जमल्या. एकीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, भरल्या कपाळाने गेली, वंशाला दिवा देऊन गेली, सोनं झालं बाईचं. मला तिची जीभ हासडावीशी वाटली. सुतक फिटल्यावर अक्कांनी पेढे वाटले. माझ्या घरी आले ते मी तसेच परत पाठवले. सर महिनाभर खाली मान घालून शाळेत येत होते. मग पाऊस संपला, नवे कांदे आले, पुन्हा पेले मांडले गेले. शिकवण्यात कसूर नव्हती. पोरं पुन्हा त्यांच्याभोवती गोळा झाली.

कुंदा आता अकरावीत होती. सकाळी भावाला दूध पाजून, स्वयंपाक उरकून शाळेत यायची. मागच्या बाकावर बसायला लागली होती आणि हात वर करायचं तिने सोडलं होतं. थंडीत शिक्षण खात्याचे तपासनीस आले. हेडमास्तर आजारी, म्हणून ह्या साहेबांबरोबर वर्गावर्गांतून मी फिरत होते. प्रयोगशाळेत अकरावीचा तास चालू होता. साहेबांनी मुळीचं टोक बघितलं, पोरांना पेशीविभाजनाचे प्रश्न विचारले, खूष झाले. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या त्या तक्त्याकडे गेलं. म्हणाले, वा, हेसुद्धा शिकवता? आणि सहज मागच्या बाकाकडे बोट केलं. "तू सांग, मुली. मुलगा होणार की मुलगी, हे कोणामुळे ठरतं?"

कुंदा उभी राहिली. "आईमुळे."

वर्गात कुजबूज झाली. साहेब गोंधळले. म्हणाले, अगं, समोर तक्त्यावर तर स्पष्ट लिहिलंय, हे तुला कोणी शिकवलं?

"आमच्या सरांनी."

साहेब सरांकडे वळले. मीही वळले. पोरी, चुकलीस, एवढंच सरांनी म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्या संध्याकाळी अक्कांना सांगितलेलं खोटं कुंदासमोर भर वर्गात कबूल होणार होतं. सरांच्या हातात खडू होता. साहेब वाट बघून थकले, त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी सर म्हणाले, "बस खाली."

कुंदा बसली नाही. साहेब निघून गेले, पुढचा धडा सुरू झाला, घंटा होईपर्यंत ती तशीच उभी होती. आणि तिला दुसऱ्यांदा बस म्हणायची त्यांची छाती झाली नाही.