चाळीस फॉर्म आणि परतीची बैलगाडी

रेखा मॅडमनी बाविसावा फॉर्म उलटा ठेवला आणि तेविसावा उचलला. त्या एकच रकाना वाचत होत्या. वय.

"अडुसष्ट. बहात्तर. पासष्ट. हे कोण? एक्क्याऐंशी. या गावात तरुण माणसं नाहीत का?"

"आहेत."

"मग गेली कुठं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडचं शेत पांढरं झालं होतं आणि त्यात बायकांच्या पाठी दिसत होत्या.

मी पाच दिवस सकाळी नऊ ते एक घरोघर फिरले होते, ऐन कापूस वेचणीत. त्या वेळी घरी म्हातारी माणसं असतात. त्यांना वेळ असतो, शिवाय ती चहा देतात. चाळीस फॉर्म भरून झाले म्हणून मी खूश होते.

"वाक्यं छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "साहित्यवाली ना तू. पण हा गावाचा सर्व्हे नाही. घरी मागं राहिलेल्यांचा आहे. पुन्हा कर."

मी बी.ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं. आता सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेते. त्यात आठ आठवडे गावात काम करावं लागतं, मार्गदर्शकाच्या हाताखाली. माझ्या मार्गदर्शक म्हणजे तिथल्याच रेखा मॅडम. शेवटी वहीवर मार्गदर्शकाची सही लागते. सही मिळाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा आठ आठवडे. माझा आठवा आठवडा चालू होता. विषय होता पिण्याचं पाणी. वेचणीच्या दिवसांत हगवणीचे रुग्ण का वाढतात, हे शोधायचं होतं. माझ्या चाळीसही फॉर्मवर एकच उत्तर होतं: नळाचं पाणी, झाकून ठेवतो.

ज्यांना इकडे यायचं आहे त्यांच्यासाठी वाट सांगते. नागपूरहून आदिलाबादची बस पांढरकवड्यावरून येते. चार-पाच तास लागतात. पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात. माणसं मात्र मराठी बोलत राहतात. आदिलाबादच्या बसस्थानकासमोर भाताबरोबर गोंगुऱ्याची चटणी मिळते. ती आपली अंबाडी. आंबट-तिखट असते, जपून वाढून घ्या. तिथून बेल्याला साधी बस जाते. तेलंगणाचं ओळखपत्र असलेल्या बायकांना कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. माझं ओळखपत्र नागपूरचं. अख्ख्या बसमध्ये पैसे देणारी बाई मी एकटीच, हे शेजारणीनं सगळ्यांना सांगितलं.

बेल्याच्या पुढच्या एका गावात माझा मुक्काम होता, विमलकाकूंकडे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं किराणा दुकान, मागे वांगी आणि मेथी, गावाबाहेर थोडा कापूस. महिन्याचं जेवण-राहणं ठरलेलं होतं, नागपुरातल्या मेसपेक्षा स्वस्त. सकाळी ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि शेजारच्या बांधावरच्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा. मॅडमनी फॉर्म परत केले त्या संध्याकाळी काकूंनी माझं तोंड पाहिलं आणि दोन शेंगा जास्त वाढल्या.

"काऊन व, नापास केलं का?"

"अजून नाही."

"मंग उद्या वावरात ये. कागद घरीच राहू दे. हात घेऊन ये."

गुरुवारी मी वावरात गेले. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात. हे कोणी आधी सांगत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून कोणी हात थांबवत नाही. मी प्रश्न विचारायचे, बायका वेचत उत्तर द्यायच्या आणि माझ्या झोळीकडे पाहून हसायच्या.

"सरकारची हायेस का तू?" सुमनबाईंनी विचारलं. चाळिशीच्या असतील. त्यांचा वेग इतरांच्या दुप्पट होता.

"नाही. शिकून राहिले."

"एवढी मोठी होऊन शिकूनच राह्यली?"

सगळी ओळ हसली. मीही हसले. मग पाण्याचं विचारलं. घरचं पाणी कुठलं? नळाचं. झाकता? झाकतो. तेच उत्तर. संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ वेचणाऱ्या बायकांची अकरा नावं होती, सगळी पन्नाशीच्या आतली, आणि नवीन काहीच नव्हतं.

शुक्रवारी साडेबाराला सुमनबाईंनी घरून आणलेला पाण्याचा छोटा कॅन हलवून पाहिला. रिकामा होता. त्यांनी गडवा घेतला आणि नाल्याकडे निघाल्या. मी मागे गेले. नाला कोरडा होता. त्यांनी वाळू हातानं बाजूला केली, कोपरभर. तळाशी पाणी जमलं. गढूळ पाणी दोनदा उपसून टाकलं, तिसऱ्यांदा गडवा भरला. पलीकडच्या काठाशी तसल्याच एका खड्ड्यातून बैल पाणी पीत उभा होता.

"हे काय?"

"झिरा."

"पण तुम्ही काल नळाचं पाणी म्हणालात."

"तू घरचं इचारलं. घरी नळाचंच पेतो. दुपारचं कुठं इचारलं तू?"

हे खरं होतं. माझ्या फॉर्मवर दुपार नव्हतीच. मॅडमनी मंजूर केलेल्या फॉर्मवरही नव्हती, पण ते मी तेव्हा म्हणाले नाही.

"मोठा कॅन का आणत नाही?"

"डोक्शावर डबा, पोटाले झोळी, कडेवर लेकरू. मोठा कॅन कुठं ठेवू?"

एवढ्यात काका गाडी घेऊन आले. विमलकाकूंचे यजमान. ते रोज दुपारी सकाळचा कापूस बैलगाडीनं घरी नेतात आणि तासाभरात परत येतात.

"काका, येताना गाडी रिकामीच असते का?"

"रिकामी कुठं? मी असतो ना."

"मंग बापा," सुमनबाई म्हणाल्या, "बसूनच येतं त कॅन मांडीवर घेऊन ये."

बायका इतक्या हसल्या की बैलानं मान वर केली. काका थोडे गोंधळले. "तीस वर्सं झाले गाडी हाकून राह्यलो," ते म्हणाले. "कोनं म्हटलंच नाई."

शनिवारी दुपारी गाडीतून पाण्याचे दोन कॅन आले, ओल्या पोत्यात गुंडाळलेले. दुकानातल्या नळाचं पाणी. नाल्याकडे कोणी गेलं नाही. रेखा मॅडम स्कूटरवरून आल्या. माझे नवे फॉर्म बांधावर बसून वाचले, सगळे रकाने. मग कॅनमधलं पाणी प्यायल्या. मी वही आणि पेन पुढे केलं.

त्यांनी वही घेतली. पेन घेतलं नाही.

"तू इथं आहेस म्हणून पाणी आलं. पाहुणीसमोर सगळेच चांगले वागतात. तू जा घरी. मी मंगळवारपर्यंत बघते."

"बुधवारी कॉलेजात शेवटची तारीख आहे."

"स्कॅन चालतो ना त्यांना?"

"आणि पाणी आलं नाही तर?"

"तर तसं लिहू. पुढच्या वर्षी ये, पुन्हा शोध." त्या शेंगा सोलत होत्या. "अंबाडी खायला मिळेल."

रविवारी परत निघाले. काकूंनी वांगी दिली. ती बसमध्ये मांडीवर ठेवली आणि काकांची आठवण आली. घरी भावानं टेबलावरचं सीताफळ दाबून पाहिलं, पिकलं का म्हणून. ते लाकडी होतं. मधल्या एका रविवारी निर्मलला गेले होते तेव्हा घेतलेलं. आदिलाबादहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता. तिथले खेळणी बनवणारे लोक रंग देताना बोलत नाहीत. विचारू नका, नुसतं पाहा.

बोटांवरचे ओरखडे दोन दिवसांत बुजले. एक सवय राहिली. कोणी काही सांगितलं की मी विचारते, "आणि दुपारी?" आई म्हणाली, दुपारी झोपते, तुझं काय जातं.

सोमवारी निरोप आला नाही. मंगळवारीही नाही. मी मॅडमना फोन केला नाही. विमलकाकूंना करावासा वाटला, तोही केला नाही. केला असता तर काकांनी माझ्यासाठी कॅन नेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोनवर फोटो आला. वहीचं शेवटचं पान. वर मॅडमचं अक्षर: "रविवार, दोन कॅन. सोमवार, दोन कॅन. मंगळवार, उशिरा, पण आले. मी न सांगता गेले होते. फॉर्ममध्ये दुपारचा रकाना वाढवला आहे." खाली सही.